'ब'च्या पुढचं

ताई,

तू गेल्यापासून मी फोन उचलत नाही. वाजला की सुनंदाकडे देतो. गिरणीत असलो तर वाजू देतो, पीठ दळताना तो तसाही ऐकू येत नाही. भेटायला येणारी माणसं पडवीत बसतात, पाणी पितात आणि विचारतात, "कसं झालं हो एकदम?" उत्तर मला माहीत असतं. पहिलं अक्षर तोंडात तयारही असतं. पण ते तिथेच उभं राहतं, हलत नाही. अशा वेळी मी आजवर तुझ्याकडे बघत आलो. आता कुठे बघायचं ते कळत नाही, म्हणून खाली बघतो. लोकांना वाटतं, भाऊ दुःखानं मुका झालाय. दुःख आहेच. पण नुसतं दुःख असतं तर बरं झालं असतं. मला भीती वाटते, ताई. नातवंडं व्हायच्या वयात माणसाला आपलं नाव सांगायची भीती वाटावी, तशी.

लिहिताना मी अडखळत नाही, म्हणून लिहितोय. माझी पत्रं वाचून तू म्हणायचीस, "बाबू, तू वकील व्हायला हवा होतास." आणि मी मनात म्हणायचो, हो, मुक्यांच्या कोर्टात.

पोयनाडच्या शाळेत जाताना तू एस.टी.त माझ्या पुढच्या सीटवर बसायचीस, आठवतं? कंडक्टर आला की मागे वळायचीस आणि दोघांचं तिकीट काढायचीस. तू कॉलेजला गेलीस आणि मी एकटा पडलो. 'प' माझ्या ओठांतून सुटायचा नाही. मागची माणसं खोळंबायची, कंडक्टर पंच टकटक वाजवत उभा राहायचा, आणि मी शेवटी सुटणारा शब्द सांगून टाकायचो, "अलिबाग!" लांबचं तिकीट काढून अलीकडेच उतरायचो. तुला हे कळलं तेव्हा तू हसली नाहीस. त्या शनिवारी घरी आलीस, संध्याकाळी मला घेऊन स्टॉपवर गेलीस आणि कंडक्टरला सांगितलंस, "हा माझा भाऊ. सोमवारपासून याला काही विचारायचं नाही. पोयनाडचं तिकीट द्यायचं." आख्ख्या गाडीनं माझ्याकडे बघितलं. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि त्याच वेळी हायसंही वाटलं. तुझ्या बाबतीत माझं कायम असंच व्हायचं. राग आणि सुटका एकदमच.

कारण तू माझी वाक्यं पुरी करायचीस. दुकानात मी "सा..." म्हटलं की मागून तुझा आवाज, "पावशेर साखर!" आईला काही सांगायला तोंड उघडलं की शेवट तू केलेला असायचा. बहुतेक वेळा तो बरोबर असायचा. आणि जेव्हा चुकायचा, तेव्हा मला तो आयुष्यभर पुरायचा. माझ्या लग्नाच्या बोलणीत सुनंदाच्या वडिलांनी विचारलं, "तुम्हाला मुलीला काय विचारायचं हाय का?" मला विचारायचं होतं, सुनंदा, गिरणीचा आवाज तुम्हाला चालेल ना. मी "सु... सु..." पर्यंत पोचलो आणि तू ठणकावून सांगितलंस, "सुकट! याला जेवणात सुकट लागते." सगळे हसले, लग्न ठरलं. तेव्हापासून सासरवाडीला पाऊल टाकलं की माझ्या पानात सुकट. सासूबाई गेल्या, आता मेव्हण्याची बायको वाढते. मला सुकट फारशी आवडत नाही, हे सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

त्यावरून आपण किती भांडलो! मी म्हणायचो, थांबत जा. मला उशीर लागतो, पण मी पोचतो. तू म्हणायचीस, "तुझे डोळे कसे होतात तुला दिसत नाहीत. माणूस बुडताना दिसला तर हात द्यायचा नाही का?"

"मी बु... बुडत नाय. पोहतोय. हलू पोहतोय."

"मग बघणाऱ्याचा जीव जातो त्याचं काय?"

यावर मी उत्तर सुरू केलं तरी ते संपेपर्यंत तू पुढे बोललेली असायचीस.

आणि मग तो बांधाचा दिवस आला. आपली शेतं खाडीच्या काठची, भरतीच्या पाण्याहून खाली. मधे मातीचा बांध आहे म्हणून भात होतं. खारं पाणी एकदा आत शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं जमिनीत गवतही धड उगवत नाही. त्या दिवशी अमावास्येचं उधाण होतं. भर दुपारी मी सहज उघाडीपाशी गेलो. उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, ओहोटीला उघडतं आणि भरतीला मिटतं. दार मिटलेलं होतं, पण त्याच्या शेजारी खेकड्याच्या बिळातून पाण्याची धार लागली होती. बोटाएवढी. मी चिखल थापला. धार मनगटाएवढी झाली. पलीकडे खाडी अजून चढत होती.

मी शेजारच्या पांडूदादाला फोन लावला. त्यानं उचलला. मी "बां... बां..." करत राहिलो, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि तो पलीकडून ओरडला, "हॅलो! कोन? आवाज तुटतंय, नंतर कर." फोन बंद. पुन्हा लावला, पुन्हा तेच. त्याला वाटलं रेंज नाही. रेंज होती, ताई. शब्द नव्हता. पायाखालची माती सुटताना मला जाणवत होती.

मग तुला लावला. तू अलिबागला, शिकवायचीस त्या शाळेत, मधल्या सुट्टीत. मी एवढंच म्हटलं, "ता... बां..."

"बांद? फुटला?"

"हं."

"उघारीजवल?"

"हं!"

"तू तिथंच थांब. पाण्यात उतरू नको. मी करते."

सभ्य शहरी मराठी सोडून तू घरच्या बोलीवर आलीस, म्हणजे तूही घाबरली होतीस. पण तू एकेकाला फोन केलेस, देवळातल्या भोंग्यावरून सांगायला लावलंस. पोती, घमेली, पेंढा घेऊन माणसं धावत आली. पांडूदादा सगळ्यांत पुढे. पाणी उतरायला लागेपर्यंत आम्ही बांधावर उभे होतो, कमरेपर्यंत चिखलात. शेत राहिलं. गावाची चाळीसेक घरं त्या वर्षीही आपलाच भात जेवली. संध्याकाळी तू आलीस, माझ्या चिखलानं माखलेल्या तोंडाकडे बघितलंस आणि म्हणालीस, "आता बोल. वाक्य पुरं करू की नको करू?"

पुढे काही महिन्यांनी तू गिरणीवर फोन केलास. इतकी खुशीत होतीस की मला पट्टा थांबवायला लावलास. नववीच्या इंग्रजीच्या धड्यात कुणीतरी भरतीचं पाणी 'स्टेम' करत होतं. मुलांना स्टेम म्हणजे झाडाचं खोड एवढंच माहीत. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, खोडानं पाणी कसं अडेल?" तू 'उद्या सांगते' म्हणालीस आणि संध्याकाळी कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन जाडजूड डिक्शनरी घेऊन बसलीस.

"बाबू, हे दोन वेगळे शब्द आहेत. दिसायला जुळे, पण घराणी वेगळी. एक झाडाचा. होडीच्या नाकाचा उभा वासा असतो ना, तो त्याच्यातलाच. कशातून काही उगवतं, निघतं, तेही त्यातलंच. दुसरा उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांकडून इंग्रजांकडे आला. त्या लोकांत त्याचा अर्थच मुळी बांध घालणं. वाहतं ते थोपवणं. जखमेचं रक्त थोपवतात, अफवा थोपवतात, तिथे हाच शब्द."

"ब... बरं."

"थांब, पुढे ऐक. त्याच मुळाचा दुसरा फाटा कुठे गेला सांगू? स्टॅमर! अडखळत बोलणं. दोघांचं मूळ एकच. कशावर तरी आदळून थांबणं."

तुला वाटलं मला आनंद होईल. मला काय झालं ते आज लिहितो. गिऱ्हाईकं डबे घेऊन रांगेत उभी होती, मी पिठानं पांढरा, आणि माझ्या कानात माझी मोठी बहीण सांगत होती की माझं व्यंग डिक्शनरीतही छापलेलं आहे. मी म्हटलं, "म्हंजे मा... माझ्या तोंडात बांध हाय."

"अरे, आपल्याकडे काय वेगळं आहे? अडणं, अडवणं, अडखळणं. मी इतकी वर्षं मुलांना इंग्रजी शब्द फोडून दाखवते, हा आपला शब्द कधी कानावरच घेतला नाही." मग म्हणालीस, "आणि बांध म्हणजे वाईट का? बांध नसता तर तुझं भात कुठे असतं?"

"तो बांध आ... आपण घातला. हा को... कोणी घातला?"

तू गप्प झालीस. तुला गप्प केल्याचे प्रसंग माझ्या आयुष्यात दोन-चारच. पण तू हरणाऱ्यांतली नव्हतीस. पुढच्या कितीतरी रविवारी तू नवा मुद्दा घेऊन यायचीस. कधी म्हणायचीस, अडलेलं पाणी खोल असतं. मी म्हणायचो, तुला बाहेरून खोल दिसतं, आत मच्छर होतात. हा वाद तसाच राहिला. मला वाटत होतं, आपल्याकडे भरपूर रविवार आहेत.

तुला झटका आला तेव्हा तू वर्गात फळ्यावर लिहीत होतीस. तुझी मीनल पनवेलहून निघाली आणि मी इथून, आम्ही हॉस्पिटलच्या दारात एकदमच पोचलो. डॉक्टर म्हणाले, गुठळीमुळे मेंदूच्या एका भागाचं रक्त अडलं. हात-पाय बऱ्यापैकी परत येतील. बोलणं सांगता येत नाही. "त्यांना सगळं समजतंय. शब्द आत आहेत, फक्त सापडत नाहीयेत." मीनल रडायला लागली. मला मात्र कुणीतरी माझ्याच घराची वाट सांगतंय असं वाटलं.

भाऊजी जाऊन इतकी वर्षं झालेली, मीनलची नोकरी पनवेलला. म्हणून मी तुला गावी आणलं. तुझी खाट पडवीत टाकली. शांतामावशी मदतीला येऊन राहिली. आईची बहीण, ऐंशीची, पण हातापायांनी खणखणीत. ती मायेची आहे, तुला माहीत आहे. पण तू "प..." म्हटलंस की तिचं सुरू, "पानी? पाय दुकतंय? पडदा सारू?" तू डाव्या हातानं खाट बडवायचीस. मावशीला वाटायचं, दुखण्यानं चिडकी झालीस. मला कळायचं ते कशामुळे. त्या वेळी माझा जीव तुटायचा, आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी असंही वाटायचं, बघ, असं असतं ते.

मी मावशीला बाहेर पाठवायचो आणि खुर्ची घेऊन तुझ्याजवळ बसायचो. थांबायचो. तुझ्या कपाळावर घाम यायचा, ओठ वाकडे व्हायचे, डोळे तसेच व्हायचे, ज्यांच्याबद्दल तू मला आयुष्यभर सांगत होतीस. बघवत नव्हतं, ताई. कितीदा शब्द माझ्या जिभेवर आला. तुझा शब्द, आणि माझ्या जिभेवर सहज! पण मी ओठ आवळून बसायचो. एकदा तू किती तरी वेळानं "मीठ" म्हणालीस. भाजीत मीठ नव्हतं. आपण दोघं हसलो आणि मग तू रडलीस. आणखी एकदा संध्याकाळी, माझ्या हातातला चहा निवून साय धरेपर्यंत खटपट करून तू दोन शब्द जोडलेस, "तू... थांबतोस."

ती शाबासकी होती की तक्रार, मला अजून ठरवता येत नाही.

आता त्या दुपारचं. सुनंदा मागच्या दारी होती, मावशी डुलकी घेत होती. तू एकदम माझं मनगट धरलंस. त्या हातात इतकी ताकद कुठून आली कोण जाणे. माझ्याकडे बघत म्हणालीस, "ब..." मी खुर्ची पुढे ओढली. "ब... ब..." मी मान हलवली, म्हणजे मी इथेच आहे, सावकाश होऊ दे. घाई नव्हती. निदान मला वाटलं घाई नाही. बाहेर कुणाचा तरी टेम्पो रिव्हर्स घेत होता, त्याची टुणटुण चालली होती आणि मला त्याचा राग येत होता. तू पुन्हा श्वास घेतलास, ओठ मिटलेस, 'ब' धरलास. आणि तुझी नजर माझ्यावरून सरकली. बोटं सैल झाली.

मी ओरडलो. काय ओरडलो माहीत नाही, पण एकदाही अडखळलो नाही असं सुनंदा सांगते. ॲम्ब्युलन्स आली, अलिबागला नेलं, मीनल पोचली. तू पुन्हा डोळे उघडले नाहीस. पहाटे गेलीस.

तेव्हापासून मी 'ब' घेऊन बसलोय. बाबू? मला हाक मारत होतीस? बघ? बरं नाही वाटत? की बस, म्हणजे माझ्याजवळ बस? की बस, म्हणजे पुरे झालं आता? बोलव? मीनलला बोलव? डॉक्टरला बोलव? हा शेवटचा शब्द मला सोडत नाही. कारण मी त्याच वेळी विचारलं असतं, "बोलवू?", जसं तू बांधाच्या दिवशी विचारलंस, तर तू "हं" म्हणाली असतीस आणि कदाचित थोडा वेळ हाताशी आला असता. डॉक्टर म्हणतात, काही फरक पडला नसता. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणतात की खरंच, ते कोणाला विचारू? आयुष्यभर मी तुझ्याकडे मागितलं ते मी तुला दिलं. थांबलो. आणि थांबण्यात शब्द गेला. शेत वाचलं ते तू थांबली नाहीस म्हणून. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या की मला झोप लागत नाही.

दहाव्यानंतर घर माणसांनी भरलेलं असताना मीनलनं विचारलं, "मामा, आई शेवटी काही बोलली का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "ब..."

मी तिला तुझा 'ब' सांगत होतो. अडखळलो नव्हतो. पण ते कोणाला कळणार? शांतामावशीनं पदर डोळ्याला लावला. "बाल! बाल म्हनाली असल गो. लेकीचा नाव घेतलान जाताना." बायकांचे हुंदके फुटले. मीनल मावशीच्या मांडीवर कोसळली. मी "ना... ना..." करत होतो. कोणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला, "रडून घे, बाबू." संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला माहीत झालं होतं की मास्तरीणबाई 'बाळ' म्हणत गेल्या.

मी दोन दिवस मीनलला टाळलं. मला वाटत होतं, राहू दे. पोरीला आधार झालाय तो काढून घेणारा मी कोण? आणि ते खरंही असेल, कोणी सांगावं? पण ती मावशीचं ऐकताना रडायची, आणि मधेच माझ्याकडे बघायची.

काल सकाळी ती गिरणीत आली. लाइट गेली होती, त्यामुळे गिरणी बंद आणि शांत. ती ज्वारीच्या पोत्यावर बसली.

"मामा, त्या दिवशी तू 'ना' म्हणत होतास. रडत नव्हतास. सांग ना. मला आज पनवेलला जायचं नाहीये."

मग मी सांगितलं, ताई. खूप वेळ लागला. 'बाळ'पाशी अडलो, 'बोलव'पाशी तर पारच अडलो. ती तुझी मुलगी आहे, तिचे ओठ आपोआप हलत होते, पण आवाज तिनं येऊ दिला नाही. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "तेव्हा तिचा हात कुठे होता?"

मी मनगट दाखवलं.

"घट्ट?"

"घ... घट्ट."

तिनं माझं मनगट हातात घेतलं आणि तशीच बसून राहिली. 'मामा, तू बरोबर केलंस' असं काही ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला पटलंही नसतं. लाइट आली तेव्हा उठली आणि पीठ झटकत घरी गेली.

आज सकाळी तुझ्याबरोबर शिकवणाऱ्या एक बाई भेटायला आल्या. मावशीनं त्यांना पाट दिला, पाणी दिलं आणि सुरू केलं, "जाताना बाल म्हनाली हो..."

मीनल चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. "नाही, आजी," ती म्हणाली. "आई काहीतरी सांगत होती. 'ब' म्हणाली. पुढचं राहिलं."

मावशीनं तोंड उघडलं. त्या बाईंनीही. ब वरून सुरू होणारं काहीतरी दोघींच्याही ओठांवर आलेलं मला स्पष्ट दिसलं. मीनलनं एकेकीच्या हातात कप दिला, माझ्याही दिला, आणि ती खाली बसली. चहा निवत गेला, आणि आम्ही सगळे थांबून राहिलो.